‘सुचतं कसं?’ हा प्रश्न अपुरा आहे

एखादे ज्येष्ठ गीतकार मुलाखतीत सहज सांगून जातात की अमुक गाणं चाल आधी झाली म्हणून लिहिलं, ध्वनिमुद्रणाची तारीख ठरली होती म्हणून रात्रीत पुरं केलं, आणि मग वादाला तोंड फुटतं. एक गट हिरमुसतो. म्हणजे ते आतून आलेलं नव्हतंच तर! ज्या ओळींवर आम्ही आयुष्यभर जीव टाकला, त्या मागणीबरहुकूम बेतलेल्या निघाल्या. दुसरा गट तितक्याच हिरिरीने उलटं टोक गाठतो: प्रेरणाबिरणा सगळं थोतांड, गाणं लिहिणं हा सुतारकामासारखा धंदा आहे, माप घ्यायचं आणि फळी कापायची. भांडणारे हे दोन्ही गट एक गोष्ट मात्र न तपासता मान्य करून बसलेले असतात, ती म्हणजे मागणी आणि प्रेरणा एका घरात नांदू शकत नाहीत. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. मराठी गीतलेखनाचा इतिहास पाहिला तर मागणीने प्रेरणेला मारल्यापेक्षा जागं केल्याचे दाखले जास्त सापडतात. गाणं कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं, यावर त्याचा कस ठरत नाही. सांगणं आलं तेव्हा लिहिणाऱ्यापाशी कोणता साठा होता आणि त्यातलं काय उचलायचं, काय टाकायचं हे त्याला कळत होतं का, यावर तो ठरतो.

सगळ्यात ठळक उदाहरण सर्वांच्या इतक्या ओळखीचं आहे की त्याचा अर्थ लावायचा राहूनच गेला. पुणे आकाशवाणी केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड यांना वर्षभर चालेल असा कार्यक्रम हवा होता. ग. दि. माडगूळकरांनी गीतांतून रामकथा सांगायची आणि सुधीर फडके यांनी ती स्वरबद्ध करायची, असं ठरलं. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पहिलं गीत प्रसारित झालं आणि पुढच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला नवं गीत येत राहिलं. त्या काळात अधिक मास आल्यामुळे ५२ ऐवजी ५६ गीतं झाली. हे वेळापत्रक जरा डोळ्यांपुढे आणा. कथा कुठवर आली ते ठरलेलं, आता कोणतं पात्र बोलणार ते ठरलेलं, आणि प्रसारणाची वेळ तर सरकारी, ती कुणासाठी थांबणार नाही. ‘मन लागलं की लिहीन’ म्हणायला इथे जागाच नव्हती. प्रेरणेच्या रूढ कल्पनेप्रमाणे यातून फार तर कामचलाऊ पद्यं निघायला हवी होती. निघालं ते सत्तर वर्षं घराघरांत गायलं जातंय. मागणीने प्रतिभा मरते असं म्हणणाऱ्यांनी याचं काय करायचं? ‘माडगूळकर अपवाद होते’ असं सांगून सुटका होत नाही. मग पी. सावळाराम अपवाद, शांता शेळके अपवाद, जगदीश खेबूडकर अपवाद, आणि नियम दाखवायला कुणी उरतच नाही.

त्या आठवड्याच्या घाईत नेमकं काय घडत होतं, ते एका ठिकाणी अगदी जवळून पाहता येतं. वनात भेटायला आलेल्या भरताची राम समजूत घालतो. वाल्मीकींनी अयोध्याकांडात इथे एक दृष्टान्त योजला आहे: ‘यथा काष्ठं च काष्ठं च समेयातां महार्णवे’. महासागरात दोन लाकडं वाहत वाहत एकत्र येतात आणि काही काळाने दुरावतात, तशी ही बायकामुलं, नाती, धनदौलत. हीच प्रतिमा महाभारतात आहे, हितोपदेशातही आहे. म्हणजे माडगूळकरांच्या हाती आली तेव्हा ती शतकानुशतकं वापरली गेलेली होती. त्यांनी ‘दोन ओंडक्यांची होते सागरात भेट’ असं लिहिलं आणि पुढच्या ओळीत एक छोटा बदल केला. वाल्मीकींची लाकडं काळ आला की दूर होतात. माडगूळकरांच्या ओंडक्यांना एक लाट तोडते. काळ दिसत नाही, लाट दिसते. रेडिओवर एकदाच कानावर पडणाऱ्या गाण्यात श्रोत्याला मागे वळून वाचायची सोय नसते, त्याला लगेच दिसेल असंच काही लागतं. आणि यमकाचे शब्द पाहा. ‘भेट’ आणि ‘गाठ’. दोन्हींत आधी लांबवता येईल असा स्वर आहे आणि मग कठोर व्यंजनाने तो तुटतो. ताटातुटीबद्दल बोलणारी ओळ उच्चारातच तुटते. हे ‘सुचलं’ की ‘केलं’? हा प्रश्न इथे विचारून पाहिला की त्याचा पोकळपणा लक्षात येतो. ज्याच्या कानांत माणदेशातल्या ओव्या आणि कीर्तनं मुरलेली होती, ज्याने वि. स. खांडेकरांचा लेखनिक म्हणून काम करताना भाषा घडताना जवळून पाहिली होती, ज्याने चित्रपटांसाठी लावणीपासून अभंगापर्यंत सगळ्या जातींचं लिहिलं होतं, त्याच्यापाशी मागणी पोचली तेव्हा ती रिकाम्या घरात शिरली नाही.

आता विरुद्ध बाजूचं सर्वांत वजनदार म्हणणं घेऊ. कवी स्वतःच साक्ष देतात की हे आमचं नव्हे. तुकोबा म्हणतात, ‘आपुलिया बळें नाहीं मी बोलत । सखा भगवंत वाचा त्याची’. केशवसुतांनी तर कवीच्या तंद्रीलाच ‘झपूर्झा’ म्हणून कवितेचा विषय केलं. या साक्षी मी खोट्या ठरवू पाहत नाही. लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी असा अनुभव येतो की ओळ आपल्याआधी तिथे पोचलेली होती. पण साक्ष घ्यायची तर पुरी घ्यावी. त्याच तुकोबांनी ‘आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें’ म्हटल्यावर लगेच ‘शब्दांचींच शस्त्रें यत्न करूं’ असंही म्हटलं आहे. आणि आपल्या कवित्वाचा उगम सांगणारा त्यांचा जो अभंग आहे, तो या वादात कुणी नीट वाचत का नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात येतात. ते काय देतात? साक्षात्कार? तंद्री? ते काम देतात: ‘सांगितलें काम करावें कवित्व । वाउगें निमित्य बोलों नको’. उगाच सबबी सांगू नकोस, असा दम. पुढे विठ्ठल माप धरून थापटून सावध करतो आणि शेवटी चक्क आकडा येतो: नामदेवांचा संकल्प शतकोटी अभंगांचा होता, त्यातले राहिलेले तू पुरे कर. मराठीतल्या सर्वांत मोठ्या कवीची प्रेरणा त्याच्या स्वतःच्या शब्दांत अशी आहे: सांगितलेलं काम, ठरलेलं माप आणि सबब न सांगण्याची ताकीद. केशवसुतांचंही तसंच. तंद्रीची कविता लिहिणाऱ्या याच कवीने चौदा ओळींचं, ठरल्या बांधणीचं सुनीत मराठीत आणून रुजवलं. तंद्री आणि ओळी मोजणं यांचं वाकडं असतं, तर हे एका माणसाच्या हातून झालं असतं का?

दुसरा आक्षेप चालीचा. आधी चाल, मग शब्द, ही पद्धत आली आणि गाण्यांची कविता गेली, असं सर्रास म्हटलं जातं. यात तथ्य आहे आणि ते कबूल करायलाच हवं. चालीवर लिहिलेल्या गाण्यांत भरीच्या शब्दांचा सुळसुळाट असतो. दोन मात्रा उरल्या की ‘आज’ घाला, तीन उरल्या की ‘सख्या रे’ घाला, अंतऱ्यात काही सुचेना की चंद्र आहेच. अशी गाणी ढिगाने लिहिली गेली आणि त्यांचं विस्मरण झालं ते योग्यच झालं. मात्र चाल आधी येणं ही चित्रपटाने आणलेली रोगराई आहे, असं मानणं म्हणजे आपलाच इतिहास विसरणं. १८८०मध्ये किर्लोस्करांचं शाकुंतल रंगभूमीवर आलं, तेव्हापासून संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून कोणत्या तरी आधीच्या पदाचा किंवा चिजेचा उल्लेख असे. १९१६च्या ‘स्वयंवर’ नाटकासाठी गायक भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी पुढे ठेवल्या आणि नाटककार खाडिलकरांनी त्यांत मराठी शब्द बसवले. बालगंधर्वांच्या तोंडून ऐकलेल्या ज्या पदांना आपण मराठी संगीताचं वैभव म्हणतो, ती बहुतेक ‘चालीवर लिहिलेली’ आहेत. त्याही मागे गेलं तर ओवी आणि अभंग म्हणजे तरी काय? जात्याची लय आणि टाळाची लय आधीपासून होती, शब्द नंतर आले.

चालीवर लिहिताना प्रत्यक्षात काय करावं लागतं, हे या वादात फारसं कुणी बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर. संगीतकार ‘ला ला ला’ करत किंवा तोंडाला येतील ते निरर्थक शब्द घालून मुखडा गातो. गीतकार आधी मात्रा मोजतो, पण तेवढ्याने भागत नाही. सम, म्हणजे तालाची पहिली, वजनाची मात्रा, कुठे पडते ते त्याला हेरावं लागतं, कारण समेवर ‘आणि’ किंवा ‘तर’ आला की ओळ कोसळते. तिथे अर्थाचा शब्द हवा. सूर जिथे लांबतो तिथे मोकळा स्वर हवा, म्हणजे गळा खुलतो. व्यंजनाने ओळ मिटायची असेल तर त्या मिटण्याला काही अर्थ हवा. दोन तुकड्यांमध्ये श्वासाची जागा असते, तिथे शब्द मधोमध चिरला जाऊन भलताच अर्थ निघत नाही ना, हे पाहावं लागतं. मराठीत तर ‘ळ’ आणि ‘ण’ ही अक्षरं द्रुत लयीत एकापाठोपाठ आली की गाणाऱ्याची जीभ अडते. इतकी बंधनं सांभाळून माणूस जेव्हा ओळ शोधतो, तेव्हा तो मुक्तपणे लिहिताना कधीच गेला नसता अशा कोपऱ्यांत शिरतो. मनात पहिल्या झटक्यात येतो तो बहुतेक वेळा वापरून गुळगुळीत झालेला शब्द असतो. चाल त्याला आत घेत नाही, म्हणून दुसरा, तिसरा, दहावा शोधावा लागतो. भरीचा शब्द घालणारा दुसऱ्यावरच थांबतो. दोष त्या थांबण्याचा आहे, चालीवर त्याचं खापर का फोडायचं?

तिसरा आक्षेप अलीकडे फार जोरात असतो: ‘हे तर उचललेलं आहे’. जुन्या गाण्याचा मूळ श्लोक, शेर किंवा लोकगीत कुणाला तरी सापडतं आणि गीतकाराचा मुखवटा उतरवल्याच्या थाटात ते सगळीकडे फिरवलं जातं. शांता शेळके यांच्या ‘तोच चंद्रमा नभात’ या गीतामागे ‘यः कौमारहरः’ हा संस्कृत कवयित्री शीलाभट्टारिकेचा श्लोक आहे. ते कधी गुपित नव्हतंच. पण दोन्ही शेजारी ठेवून पाहा. श्लोकात एक स्त्री बोलते आहे. तोच प्रियकर, त्याच चैत्रातल्या रात्री, तोच फुलांचा गंध घेऊन येणारा वारा, मीही तीच. तरी मन रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, काठच्या त्या वेताच्या कुंजाकडे ओढ घेतं. म्हणजे श्लोकात ओढ शाबूत आहे, फक्त ती जागा हवी आहे. शांताबाईंनी चैत्राची रात्र ठेवली, बोलणारा पुरुष केला आणि ओढच काढून घेतली. सगळं तेच आहे, जागाही तीच, आणि पहिल्या प्रीतीची खूण मात्र उरलेली नाही. संस्कृत श्लोक शृंगाराचा, मराठी गीत प्रेम आटल्याचं. ही उचल म्हणायची तर कालिदासाने शकुंतला महाभारतातून उचलली, असंही म्हणावं लागेल. श्लोक अनेक पंडितांना पाठ होता, काव्यशास्त्राच्या ग्रंथांत तो उदाहरण म्हणून येतो. त्यातून हे गाणं एकीलाच दिसलं. चोरी आणि वारसा यांत फरक असतो, आणि तो ओळखायचा तर दोन्ही मजकूर वाचण्याचे कष्ट घ्यावे लागतात. शोध लागल्याचा आनंद मिळवायला तेवढे कष्ट पडत नाहीत, हीच अडचण आहे.

याच शांताबाईंनी, संस्कृतचा व्यासंग असलेल्या मराठीच्या प्राध्यापिकेने, हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतासाठी कोळीगीतं लिहिली आणि ती दर्यावरच्या वस्त्यांतही आपली म्हणून गायली गेली. कोल्हापुरात शाळामास्तर असलेल्या खेबूडकरांनी १९७२च्या ‘पिंजरा’साठी लावण्या लिहिल्या. ज्यांना ‘स्वानुभवातून आलं तेच खरं’ वाटतं, त्यांना ही उदाहरणं पेचात टाकतात. खेबूडकरांचं तर दोन्ही बाजूंनी बोलतं. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचं घर जळालं आणि त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने ‘मानवते, तू विधवा झालीस’ अशी कविता लिहिली. याहून खरी, याहून आतून आलेली प्रेरणा कोणती असणार? ती कविता त्यांच्या चरित्रात आहे. लोकांच्या ओठांवर त्यांच्या लावण्या आणि भक्तिगीतं आहेत. यावरून मी असं मुळीच म्हणत नाही की जखम कमी मोलाची. जखमेने त्यांना लिहितं केलं आणि पुढे आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडी शोभेल असं लिहायला लावणारी शक्ती दुसरीच होती: लोक कसे बोलतात, कशावर हसतात, कुठे थबकतात ते ऐकत राहण्याची. माझ्या मते ज्येष्ठ गीतकाराचा खरा स्रोत हाच असतो. तरुणपणी स्वतःचं दुःख पुरतं, पण पन्नास वर्षं लिहायचं तर दुसऱ्यांची सुखदुःखं कानांत साठवावी लागतात.

एवढं म्हटल्यावर एक मर्यादा मान्य करतो. सगळंच मागवून मिळत नाही. बालकवींची किंवा ग्रेसांची कविता कुणी तारीख देऊन लिहून घेतली असती, असं मला वाटत नाही. काही लेखन असं असतं की त्याला वाचकसुद्धा नको असतो, निदान लिहिताना तरी. पण त्या लेखनाची मोजपट्टी गाण्याला लावून गाण्याला हिणवायचं कारण काय? गाणं जन्मतःच तिघांचं असतं, लिहिणाऱ्याचं, गाणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं, आणि तिघांना सामावणं ही त्याची अट आहे. २०१६मध्ये बॉब डिलन यांना साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हा ‘गाणी म्हणजे साहित्य का?’ असा जगभर गदारोळ झाला. हजारोंनी गाणी रचणाऱ्या रवींद्रनाथांना तेच पारितोषिक १९१३मध्ये मिळालेलं होतं. ज्या देशात संतांपासून शाहिरांपर्यंत बहुतेक सगळी कविता गायलीच गेली, तिथल्या लोकांनी तरी तो प्रश्न गंभीरपणे घ्यायला नको होता.

या वादात आता यंत्रही आलं आहे. चाल द्या, विषय द्या, काही सेकंदांत मात्रांत बसणारं गीत हातात. ‘बघा, कारागिरीच होती ना सगळी?’ असं एक गट म्हणतो. दुसरा घाबरून पुन्हा दैवी प्रेरणेच्या आडोशाला जातो. मला हा आडोसा दुबळा वाटतो. यंत्रापाशी मात्रा आहेत, शब्दांचा अफाट साठाही आहे. पण भरताला त्या क्षणी काय सोसेल, रामाने त्याला ‘वत्सा’ म्हणावं की ‘भरता’, लाट आणावी की काळ, हा निवाडा करणारा कुणीतरी लागतो, ज्याने स्वतः कुणाची तरी समजूत घातलेली असते किंवा घालायला तो कमी पडलेला असतो. गीतकाराचं समर्थन करायचं तर या निवाड्यावर बोट ठेवून करावं. तो दिसतो, दाखवता येतो, त्यावर वाद घालता येतो.

आणि हे केवळ रसिकांचं भांडण नाही, त्याला पैशाची बाजूही आहे. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी लिहून घेतलेल्या गीताचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. त्यानंतर साडेतीन दशकं गाणी वाजत राहिली आणि लिहिणाऱ्यांच्या हाती बहुतांशी एकदाच मिळालेली बिदागी राहिली. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने, ज्यासाठी जावेद अख्तर संसदेत आणि संसदेबाहेर झगडले, गीतकार-संगीतकारांना पुढच्या वापरातून येणाऱ्या वाट्याचा, म्हणजे रॉयल्टीचा, असा हक्क मिळाला की तो लिहून देऊनही जात नाही. ‘तुम्हाला काय, देवाची देणगी, बसल्या बसल्या सुचतं’ असं कौतुकाने म्हणणारा समाज आणि ‘पैसे दिलेत ना, मग आता काय?’ म्हणणारा निर्माता यांच्यामध्ये मला फार अंतर दिसत नाही. दोघांनाही मधलं काम दिसत नाही.

म्हणून मुलाखत घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. समोर सत्तर-ऐंशीच्या घरातले गीतकार बसलेले असताना ‘तुम्हाला सुचतं कसं?’ विचारून तास वाया घालवू नका. त्याला उत्तर म्हणून ठरावीक किस्सेच येणार. चाल पहिल्यांदा ऐकली तेव्हा कोणता शब्द आधी बसला, संगीतकाराने कोणता बदलायला लावला, गायिकेला कुठे श्वास पुरेना, कोणता अंतरा ध्वनिमुद्रणाच्या दिवशी गाळला, लहानपणी कोणाचं कीर्तन ऐकलं, कोणतं पुस्तक पाठ होतं, हे विचारा. मराठी विभाग चालवणाऱ्या विद्यापीठांनी कादंबरीकारांच्या हस्तलिखितांइतकीच गीतकारांच्या वह्यांची काळजी घ्यावी, आणि कुटुंबांनीही त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. छापील संग्रहात फक्त शेवटचा पाठ असतो. खाडाखोड वहीतच असते, आणि एका जागी पाच शब्द लिहून चार का खोडले, ते ज्यांनी खोडले त्यांनाच विचारता येतं, ते आपल्यात आहेत तोवर.